मशीनचं बाळंतपण

नरसी नामदेव
१२ जानेवारी २०२५

डाव्या खांद्याखाली यंत्र घेऊन जगणाऱ्या समस्त बंधू-भगिनींनो,

हृदय आपलं, छाती आपली, टाके आपले. आणि आपण कसं उठायचं, कसं बसायचं, काय खायचं हे ठरवतात मात्र दुसरेच! डॉक्टरांनी एक सांगावं, घरच्यांनी दुसरं ऐकावं आणि शेजाऱ्यांनी त्यात तिसरं घालावं. हा अन्याय आपण कुठवर सोसायचा?

अक्का, सवयीनं सुरुवात सभेसारखी झाली. गावात कुणाचा साखरपुडा असला तरी लोक माझ्या हाती माईक देतात, त्याचा हा परिणाम. पण अन्याय खरा आहे. गेल्या महिन्यात तुला पेसमेकर बसवला तेव्हा मी नांदेडला तुझ्या खाटेशी उभा होतो. डॉक्टर एवढंच म्हणाले की मोबाईल मशीनपासून वीतभर लांब ठेवा, उजव्या कानाला लावा. दाजींनी त्या वीतभर अंतराचं काय केलं? तुझा मोबाईल नेऊन गोठ्यात टांगला! मी फोन लावतो तर पलीकडून म्हैस ओरडते. शेवटी म्हशीमागून दाजी बोलले, "तिला द्यायचा न्हाई, मशीन बंद पडंल." म्हणून हे पत्र. या काळात बहीण-भावाला पोस्टमनची वाट पाहायला लावणाऱ्या माणसाला काय म्हणावं?

माझं विचारशील तर इकडं राजेशाही चालू आहे. दिवाळीनंतर मला मशीन बसलं, तेव्हापासून, तुला पाहायला नांदेडला आलो तेवढं सोडलं तर, मी खाटेवर. शाळेतली जुनी पितळी घंटा उशाशी आणून ठेवली आहे. एक टोला चहा, दोन टोले पाणी, तीन टोले म्हणजे तुझ्या भावजयीनं, शितलनं येऊन उशी सरळ करायची. भेटायला येणाऱ्यांना मी हृदयाच्या रचनेवर छोटं व्याख्यान देतो. विश्रांती हा रुग्णाचा हक्क आहे अक्का, आणि हक्क मागायचा नसतो, घ्यायचा असतो!

तुला घंटा आहे का? नसल्यास कळव. शाळेत आणखी एक पडून आहे.

सप्रेम जयभीम.
तुझा रतन

*

साखरा
१९ जानेवारी

रतन,

मी एकलीच हाव. सभा न्हाई. नुसतं अक्का म्हन, पुरं.

घंटा पाठवू नको. मी वाजवली तरी उठून मलाच जावं लागंल.

तुझ्या दाजीला बोल लावू नको. मानूस बोलाला पक्का हाय. डॉक्टर त्यायला बाजूला घेऊन म्हनले, "बाईंना जड काही उचलू देऊ नका." घरी आले आनि पान्याचा घोटबी न घेता सोयाबीनचे भरलेले समदे कट्टे उचलून शेजारी सोमेश्वरच्या खोलीत नेऊन टाकले. म्हंजे माझा चुकूनबी हात लागायला नको. वर खताची गोनीबी नेली. सोमेश्वरला आता झोपायला जागा न्हाई. तो आमच्या ओसरीवर झोपून राहिला.

बाकी माझं रोजचं चालू हाय. पानी, भाकरी, धुनं, आत्याबाईला न्हाऊ घालनं. दोरीवर लुगडं टाकताना खांद्यात कळ येती, ते चालायचंच. एक तकलीफ मातर हाय, ती तुला समजायची न्हाई. ब्लाउजची पट्टी नेमकी टाक्यावर येती आनि घासती. मशीन करनाऱ्यानं बाईचं अंग पाह्यलं न्हाई वाटतं. मी आता पोराचा, प्रेमानंदचा जुना शर्ट घालते, वरून लुगडं. आत्याबाई म्हनती, फौजदार दिसून राहिली.

हिंगोलीला व्यायामाच्या वर्गाला जायचा कागद दिला व्हता. तुझे दाजी म्हनले, "बाई दिवसभर चालतीच की, तिला अजून कुठं चालवता?" मलाबी पटलं.

तू जप. उशी सरळ ठेव.

अक्का

*

नरसी नामदेव
२७ जानेवारी

प्रिय अक्का,

तुझं पत्र वाचलं आणि मी खाटेवर उठून बसलो. शितलला न बोलावता, स्वतःहून!

काय ही ताकद! मी इथं उशीवर मान ठेवून पडलो आहे आणि माझी बहीण तेच मशीन छातीत घेऊन पाणी भरते, भाकरी थापते, वर सासूला न्हाऊ घालते! अक्का, मी पुष्कळ वाचलं आहे. हृदयाच्या दुखण्यानंतर जे व्यायामाचे वर्ग असतात, तिथं बाया पुरुषांपेक्षा कमी जातात असं मी कितीदा तरी वाचलं, आणि कारण काही केल्या उमगत नव्हतं. आज तुझ्या पत्रानं डोळे उघडले. त्यांना गरजच नसते!

येत्या आठ मार्चला तालुक्याला माझं भाषण आहे. विषय ठरला: 'न थकणारी'. सुरुवात तुझ्यापासून. त्यासाठी मला अजून माहिती हवी. पाणी किती लांबून आणतेस? हंडा डोक्यावर की कमरेवर? सविस्तर लिही, कंटाळा करू नकोस. श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आणायचं आहे.

शितलला पत्र वाचून दाखवलं. तिनं कपबशी तेवढी जरा जोरात ठेवली. भावना अनावर झाल्या असाव्यात.

तुझा अभिमानी भाऊ,
रतन

*

साखरा
४ फेब्रुवारी

रतन,

तुझ्या भाषनाचं मंग लिहिते. आधी एक खरं सांग. तू माझी लई आठवन काढून राहिला का?

मला उचकी लागली हाय. परवापासून. जेवताना, बोलताना, झोपेतबी. घड्याळावानी टकटक चालू हाय. हे अक्षर वाकडं दिसतंय ना, ते त्याच्याच पायी.

गावातल्या बाया जमल्या. उचकी लागली म्हंजे कोनीतरी आठवन काढतंय, नाव घेतलं की थांबती. मंग नावं घेनं सुरू झालं. पुन्याच्या प्रेमानंदचं घेतलं, थांबली न्हाई. सुनेचं घेतलं. मावसबहिनींची घेतली. जिती मानसं सपली तशी मेलेल्यांची घेतली. आत्याबाई म्हनती, "लग्नाआधी तुला पाह्यला कोनी आला व्हता का? त्याचं नाव घेऊन पाह्य." तुझे दाजी उठून बाहेर गेले. जरा वेळानं आत येऊन हळूच मला म्हनले, "काय नाव व्हतं त्याचं?"

शेवटी तुझं नाव घेतलं तवा थोडी थांबल्यावानी झाली. आत्याबाईनं निकाल दिला, रतनच हाय. दिवसभर खाटेवर पडून त्याला दुसरा काय धंदा?

तू हंड्याचं इचारलं व्हतं. डोक्यावर. परवा बोअरवरून भरून डोक्यावर घेतला तवा खांद्यात आत काहीतरी सटकल्यावानी झालं. तवापासूनच उचकी हाय. चक्करबी येऊन राहिली, मशीन बसवायच्या आधी यायची तशी. काल चुलीपाशी बसल्याबसल्या आंधारी आली. भाकर जळाली.

तर भाऊ, तुला हात जोडते. एकच जोडते, डावा वर जात न्हाई. माझी आठवन काढू नको.

अक्का

*

नरसी नामदेव
७ फेब्रुवारी
थावराच्या हाती, जीपसोबत

अक्का,

मी तुझी आठवण काढतो, पण मिनिटाला साठ-सत्तर वेळा नाही!

मला दवाखान्यातून सुट्टी देताना बजावलं होतं की उचकी थांबेना आणि चक्कर आली तर मशीनची आतली तार जागची हलली समजा. ती तार हृदयाला ठोके देण्याऐवजी भलत्याच जागी टोचते आहे. उचकी माझी नाही, तारेची आहे.

आमच्या गावातल्या थावराची जीप तुझ्या दारात उभी आहे. आत शितल आहे. हे पत्र वाचून पूर्ण करू नकोस, आधी गाडीत बस. दाजींनाही बसव. मी इथून थेट नांदेडला पोचतो.

गेलीस का? मग अजून काय वाचतेस?

रतन

*

नरसी नामदेव
१४ फेब्रुवारी

आदरणीय दाजींस,

अक्काचं दुसरं ऑपरेशन नीट झालं. तार जागेवर बसली, उचकी गेली. आता मला बोलू द्या. दवाखान्यात बोललो असतो, पण नर्सनं दोनदा "आवाज कमी" म्हणून दम दिला.

दाजी, तुम्ही चांगले गृहस्थ आहात. बायकोसाठी घरातलं सगळं सोयाबीन शेजाऱ्याच्या उशाशी नेऊन टाकणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही. पण दवाखान्याच्या ओट्यावर डॉक्टरांनी विचारलं, "जड उचलू देऊ नका म्हटलं होतं ना?" तेव्हा तुम्ही जे उत्तर दिलंत ते मी विसरायचं म्हटलं तरी विसरू शकत नाही. तुम्ही म्हणालात, "कट्ट्याला हातबी लावू दिला न्हाई साहेब. तिनं फक्त हंडा उचलला."

फक्त हंडा! दाजी, पुरुषानं उचललं की ते वजन, आणि बाईनं उचललं की ते घरकाम, हा कोणत्या तराजूचा न्याय? भरलेला हंडा काट्यावर ठेवा आणि बघा काटा बाई-बाप्या ओळखतो का! ओलं लुगडं पिळून दोरीवर टाकताना हात खांद्याच्या वर जातो की नाही? फळीवरचा डबा काढताना? आत्याबाईंना आंघोळीच्या पाटावरून उठवताना? मला मशीन बसलं तेव्हा माझ्या हाताला चमचासुद्धा लागू दिला नाही घरच्यांनी. मशीन एकाच कंपनीचं, डॉक्टर एकच, सूचना शब्दाला शब्द त्याच. मग एकाची तार जाग्यावर आणि दुसरीची का हलली? मी 'न थकणारी'चं भाषण फाडलं. ती थकते. तिला कुणी विचारत नाही.

डॉक्टर स्पष्ट म्हणाले आहेत, आता पुन्हा तार हलली तर तिसऱ्यांदा छातीवर टाके पडतील, आणि जखम चिघळली तर सगळं काढून पलीकडच्या बाजूला बसवावं लागेल. म्हणून माझी एकच मागणी आहे. अक्काला सव्वा महिना माहेरी पाठवा. आधी विश्रांती, मग हिंगोलीला व्यायाम. नकार चालणार नाही.

रत्नपाल

*

साखरा
१९ फेब्रुवारी

रतनराव,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. दोनदा राग आला, तिसऱ्यांदा हंडा भरून उचलून पाह्यला.

मी तयार व्हतो. पन आत्याबाई आडवी आली. तुमी तिला आत्याबाई म्हनता म्हनून मीबी तसंच लिहितो, हाय तर माझी माय. तिचं म्हननं, "या वयात बाई माहेरी गेली तर लोक म्हनतील भांडून गेली." मी म्हनलं, "माय, तिला मशीन बसवलीय." तर म्हनती, "बोअरलाबी मशीन बसवलीय. ती गेली का माहेरी?"

आता याला काय उत्तर द्यावं? तुमी इतकी भाषनं देता, तुमाला तरी सुचलं असतं का?

तुमची बहीन खाटेवर पडून ऐकून राहिली व्हती. तिनं पांघरुनातून त्वांड काढलं आनि म्हनली, "आत्याबाई, प्रेमानंदच्या टायमाला तुमी मला सव्वा महिना माहेरी ठिवलं व्हतं. तवा माझ्या अंगातून एक बाहेर काढलं व्हतं. आता एक आत घातलंय. कोनतं जास्त आवघड, तुमीच सांगा."

मायनं चुलीत दोन काड्या सरकवल्या. मंग माझ्याकडं पाहून म्हनली, "मेल्या, हे आदी काहून न्हाई सांगितलं? हे तर बाळंतपन हाय!"

झालं. त्या घडीपासून आमच्या घराचं रूपच पालटलं. तुमच्या बहिनीच्या डोक्याला फडकं बांधलं. कानात कापूस घातला. वारं लागू नये म्हनून दाराला गोधडी लावली. गार पान्याला हात लावायचा न्हाई. सोमेश्वरच्या खोलीतून एक कट्टा परत आनून इकला आनि डिंक आनला. बाळंतशेपा कुटायला मला बसवलं. डॉक्टरनं सांगितलं तवा जे आठ दिवसांत झालं न्हाई, ते मायच्या एका शब्दानं दुपारच्या आत झालं.

आता एकच अडचन. माय म्हनती, मुराळी आल्याबिगर बाळंतीन उंबरा वलांडत न्हाई. थावराची जीप चालत न्हाई, शितलबाई चालत न्हाई. सख्खा भाऊ दारात यायला पायजे. म्हंजे तुमी. खाटेवरून उठा आनि या.

तुमचा,
मुंजाजी

*

नरसी नामदेव
१२ मार्च

प्रेमानंदच्या बापास,

मी बरी हाव. तुमी लाडू पाठवले ते मिळाले. डब्यासंगं आत्याबाईनं निरोप सांगून पाठवला की बाळंतिनीनं खाटेवरून हलायचं न्हाई. लाडू डॉक्टरला इचारले. ते म्हनले, तुपाचे इतके लाडू खाल्ले तर मशीन चालंल पन तुमी बंद पडाल. समदे रतनच्या शाळेतल्या पोरायनं खाल्ले.

इथं रोज गंमत चालू हाय. नरसीत बातमी फुटली की रत्नपाल गुरुजींची अक्का बाळंतपनाला आली. साठीला टेकलेली बाई, विश्वास कोन ठिवनार? पन बघायला समद्या येतात. एकीनं झबलं-टोपडं आनलं. एकीनं खाटेखाली वाकून पाह्यलं. काल आशाताई पुजा आली, हातात लसीचं कार्ड. "अक्का, बाळ कुठंय?" मी शर्टाचं बटन काढून खांद्याखालचा उंचवटा दाखवला. म्हनलं, "हे बघ, निजलंय. रडत न्हाई, दूध मागत न्हाई, धा वरसं सेल बदलायचं काम न्हाई." ती हसता हसता खाटेवरच बसली. जाताना म्हनली, असं लेकरू मलाबी पायजे.

रतनला मुराळी केलं ते लई बेस झालं. खाटेवरून उठून साखऱ्यापोतर आला आनि परत गेला, तर घरी येऊन जिना चढताना धापा टाकायला लागला. व्यायामवाल्या मॅडमकडं आमी दोघं गेलो. तिथं बाकड्यावर समदे बापेच, बाई मी एकलीच. मॅडमनं रतनला इचारलं, "दिवाळीपासून काय केलंत?" हा छाती काढून म्हनला, "विश्रांती." मॅडम म्हनल्या, "गुरुजी, तुम्ही विश्रांती नाही केली, तुम्ही गंजलात." मंग माझ्याकडं वळल्या. "आणि तुम्ही?" मी सांगितलं. त्या डोक्याला हात लावून बसल्या. म्हनल्या, "दोघांचं मिसळून सारखं वाटता आलं असतं तर दोघंही मागेच बरे झाले असते."

मी डावा हात भिंतीवर ठिवून बोटं खारीवानी वर वर चढवते. पहिल्यांदा छातीपोतर जायची. आता कानापोतर येऊन राहिली. केसाचा आंबाडा अजून शितल घालून देती. रोज चालायचंबी हाय. रतन माझ्यामागं चालतो. हाका मारतो, "अक्का, सावकाश, हा मोर्चा न्हाई!" शितलनं त्याची घंटा शाळेत परत नेऊन दिली. आता चहा पायजे असंल तर उठून करतो आनि तिलाबी देतो. पहिला चहा कडू झाला व्हता. शितलनं तो पूर्न पिला.

तुमी आता एक काम करा. चालनं आनि हाताचा व्यायाम बंद केला तर खांदा आखडून बसंल, मंग हात कायमचा गेला. आत्याबाईला हे पटायचं न्हाई. बाळंतीन बाहेर हिंडती म्हनून ती तिथून निघून येईल. तिला सांगा, मशीन लई किरकिर करतं. फिरवलं की निजतं.

मोबाईल आता माझ्या हातात हाय, उजव्या कानाला लावते. तरी पत्रच लिहिनार. फोनवर तुमी मधीच बोलता. कागदावर भांडता येतं नीट.

पद्मा

*

साखरा
२२ मार्च

पद्मास,

निरोप सांगितला. माय म्हनली, "व्हय, प्रेमानंदबी असाच व्हता. फिरवल्याबिगर डोळा मिटायचा न्हाई. तिला म्हनावं, भरपूर फिरव." ते काम झालं.

इकडची हकीकत काय सांगू? मशीन तुला बसवली आनि बंद पडलो मी.

भाकर थापायला गेलो. पहिली परातीला चिकटली. दुसरी तव्यावर टाकताना निम्मी चुलीत गेली. तिसरी झाली बराबर, पन ती सोमेश्वरनं उचलून पाह्यली आनि म्हनला, "दादा, ही छपरावर लाव, कौल फुटलंय." माय दात नसल्याचं निमित्त करून दूधच पिऊन राहिली. मंग तिनंच मला शेजारी बसवलं आनि शिकवलं. आता गोल येती. रोज न्हाई, पन येती.

हंडा डोक्यावर घ्यायची मला लाज वाटली, खांद्यावर घेतला. अर्ध्या वाटंत खाली ठिवला. बाया थांबून पाहून राहिल्या. एकीनं इचारलं, "दाजी, जड हाय का?" मी म्हनलं, "व्हय." एवढं म्हनायला मला चाळीस वरसं लागली. पद्मा, तू कधी काहून बोलली न्हाई? का बोलली आनि मी ऐकलं न्हाई? हे मला आठवून राहिलं न्हाई. तुला आठवत असंल तर सांगू नको.

तवा मी काय केलं, बोअरपासून घरातल्या मोरीपोतर नळी टाकली. सोमेश्वरनं आनि मी मिळून एका दिवसात चर खांदला. इतकंच काम व्हतं ते. तोटी फिरवली की पानी मोरीत येतं. समदी गल्ली पाह्यला आली. दोन घरांत आता नळी टाकायचं चालू हाय, तिथल्या बायांनी नवऱ्यायला आमच्या मोरीत आनून उभं केलं.

दोरीबी खाली बांधली, तुझ्या छातीइतकी. मी ये-जा करताना पोटाला अडकते. अडकू दे.

माय बारशाचं इचारून राहिली. मशीनचं नाव काय ठिवायचं?

सव्वा महिना सपत आला. लवकर ये, असं लिहिलं व्हतं, ते खोडलं. तपासनी झाल्यावर, डॉक्टर हो म्हनल्यावरच ये.

मुंजाजी

*

साखरा
६ एप्रिल

रतन,

सुखरूप पोचले. तुझे दाजी मोटारसायकल घेऊन फाट्यावर उभे व्हते. आत्याबाईनं उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळला, माझ्यावरून एकदा आनि मशीनवरून एकदा. बारसं झालं. मी म्हनलं, नाव 'सव्वा' ठिवा. आत्याबाई म्हनली, हे कसलं नाव? मी म्हनलं, त्याच्यामुळं मला सव्वा महिना मिळाला, अजून काय पायजे? गल्लीतल्या बायायनी घुगऱ्या खाल्ल्या. आंबाडा आज माझ्या हातानं घातला. वाकडा हाय, पन माझा हाय.

नांदेडची तपासनी चांगली झाली. डॉक्टरनं माझ्या मशीनवर त्यायचं तपासायचं मशीन लावून पाह्यलं. तार जाग्यावर, ठोके बराबर, हात डोक्याच्या वर जातो. मी त्यायला हात वर करूनच दाखवला, वर्गात पोरगं करतं तसा. ते म्हनले, घरी जा, आता समदं करा, नुसतं सोसू नका.

पन रतन, आनंदात एक गोष्ट टोचून राहिली, आनि तुझा फोन लागून राहिला न्हाई म्हनून ती सांगायलाच हे पत्र सोमेश्वरच्या हाती धाडून राहिले.

दवाखान्यात माझ्या शेजारी बाकड्यावर एक बाई बसली व्हती. शालूबाई, डोंगरकड्याची. माझ्याच महिन्यात तिलाबी पेसमेकर बसवला. डावा हात पदरात असा गुंडाळून बसली व्हती, जसा तो तिचा न्हाईच. मी इचारलं, "वर जातो का?" तिनं मान हालवली. खांदा पार आखडला. व्यायामाचं तिला कोनी सांगितलंच न्हाई, सांगितलं आसंल तर घरच्यायला सांगितलं आसंल. एका हातानं वैरनीचा भारा उचलती. म्हनली, "अक्का, कालपासून मला बारीक बारीक उचकी येऊन राहिली. नातू आठवन काढत आसंल." मी तिचा हात धरून डॉक्टरकडं आत नेलं. तार अजून सुटली न्हाई, पन सुटायला आलीय. डॉक्टर म्हनले, आता सक्त विश्रांती पायजे, न्हाई तर पुन्हा टाके. ती हसली. "विश्रांती कुठं घ्यायची साहेब? घरी तर मीच हाव." मी इचारलं, माहेरी कोन हाय? तर म्हनली, "भाऊ हाय, पन तो काहून येईल? या वयात कोन मुराळी धाडतं?"

तिचा भाऊ तुझ्या गावात हाय रतन. रामकिशन. बसस्थानकाजवळ त्याचं खताचं दुकान हाय. तुझ्या हर भाषनाला पुढच्या रांगंत बसून टाळ्या वाजवतो, असं शालूबाईच सांगत व्हती.

तुझी चौदा तारखेच्या भाषनाची तयारी चालू आसंल. चांगलं बोल, लोक ऐकतात तुझं. पन ते भाषन आठ दिवसांनी हाय, आनि शालूबाईची तार आठ दिवस थांबनार न्हाई. कागद खाली ठिव. आत्ताच रामकिशनच्या दुकानात जा, त्याला गल्ल्यावरून उठव, आनि आजच्याच गाडीनं बहिनीचा मुराळी म्हनून डोंगरकड्याला बसवून दे.

अक्का